ऱ्हाईनच्या उपनदीत तिसाची मेफ्लाय परत आणायची तर अंडी न्यावीत की निम्फ?

पात्रबाहेर: जर्मनीत नदी-पुनरुज्जीवनाचा कोर्स चालू आहे. प्रकल्पासाठी पॅलिंजेनिया लाँगिकौडा निवडली. युरोपातली सर्वांत मोठी मेफ्लाय (पाण्यात वाढणारा, प्रौढ झाल्यावर अगदी थोडा वेळ जगणारा कीटक), पश्चिम युरोपातून नाहीशी झालेली, आज मुख्यतः हंगेरीच्या तिसा नदीत. ऱ्हाईनची उपनदी लिप्पे, तिच्यात असा प्रयत्न झालेला आहे. अंडी सोडावीत की निम्फ (पाण्यात वाढणारी पिल्लं)? आणि एफोरॉन व्हर्गो ही दुसरी मेफ्लाय १९९१ मध्ये ऱ्हाईनच्या डच भागात आपोआप परतली, मग हिला आणायची गरजच काय?

गाळमाती: शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. एफोरॉनचे थोडेफार जीव वरच्या अंगाला किंवा उपनद्यांत टिकून असले की पाणी सुधारल्यावर ते खाली पसरतात. पॅलिंजेनियाचं ऱ्हाईनच्या खोऱ्यात काहीच उरलेलं नाही, त्यामुळे वाट बघून उपयोग नाही.

अंडी-निम्फ नंतर, आधी काठ बघा. निम्फ घट्ट चिकणमातीच्या काठात, पाण्याखाली, बीळ करून साधारण तीन वर्षं राहतो. वाळूत बीळ ढासळतं, सैल गाळात बुजतं. ओल्या मातीची हातावर वळी करा. तीन मिलिमीटर जाडीपर्यंत न तुटता वळली तर तिथे पुढची तपासणी करा. काठाला दगडी पिचिंग असेल तर ती जागा सोडाच. उन्हाळ्यात पाणी सर्वांत खाली जातं तेव्हाही ही माती पाण्याखाली हवी.

तीन वर्षांचा मुद्दा पुन्हा सांगतो, कारण योजना इथेच फसतात. एकाच वर्षी अंडी सोडलीत तर प्रौढ एकाच वर्षी बाहेर पडतील. त्या जूनमध्ये पूर किंवा थंडी आली की सगळं संपलं. लागोपाठ तीन वर्षं सोडा, म्हणजे मातीत तीन वयाचे निम्फ एकत्र राहतील. पण मधल्या कुठल्याही वर्षी गाळ उपसला तर तिन्ही पिढ्या एकदम जातात. तेव्हा जलमार्ग खात्याकडून लेखी हमी आधी घ्या.

कीटकपेटी: अंडीच. निम्फ काढायचे म्हणजे तिसाचा काठ खणायचा, आणि इतका मऊ जीव प्रवासात दुखावतो. हंगेरीत ही जात संरक्षित आहे, त्यामुळे परवानगी आधी काढावी लागेल.

जूनच्या मध्याला, उष्ण आणि वारा नसलेल्या संध्याकाळी माद्या पाण्यावरून वरच्या दिशेला उडत जातात आणि मग अंडी घालतात. त्याच माद्या पकडा. पोटाचं टोक ट्रेमधल्या पाण्याला लागलं की अंडी सुटतात. एका मादीची सात ते नऊ हजार असतात. मीलन न झालेल्या मादीची अंडीही काही प्रमाणात फुटतात, पण त्यातून फक्त माद्या निघतात. म्हणून मीलन झालेल्याच माद्या निवडा, नाहीतर पुढच्या पिढीत नर कमी पडतील.

ट्रेमध्ये अंड्यांचा एकच थर ठेवा. ढीग झाला की आतली अंडी गुदमरतात आणि बुरशी धरते. तिसाचं पाणी मात्र सोबत नेऊ नका. त्यात झेब्रा शिंपल्यांची पिल्लं आणि क्रेफिशला (गोड्या पाण्यातला झिंग्यासारखा जीव) मारणाऱ्या बुरशीसारख्या रोगजंतूचे बीजाणू येतात. अंडी दोनदा स्वच्छ पाण्यात धुवा. थोडी बाजूला ठेवून किती फुटली ते मोजा; नाहीतर पुढे काही दिसलं नाही तर अंडी खराब होती की काठ, हे कळणार नाही.

सोडताना नळीने तळाशी सोडा, तेही मातीच्या काठापेक्षा प्रवाहाच्या वरच्या अंगाला. अंडी प्रवाहाबरोबर खाली सरकतात. मादी वरच्या दिशेला उडते ती हीच घसरण भरून काढायला.

पुलाखाली: पुलाचंही बघा. ही माशी पाण्यावरून परावर्तित होणारा ध्रुवित प्रकाश (ज्याच्या लहरी एकाच दिशेत कंप पावतात) ओळखून उडते. पुलाच्या प्रतिबिंबाने तो पट्टा तुटतो आणि वर जाणाऱ्या बहुतांश माद्या तिथूनच माघारी फिरतात. २०११ साली तिसावरच्या पुलांच्या अभ्यासात हे दिसलं. मग पुलाच्या खालच्या अंगालाच अंड्यांची गर्दी होते आणि वरच्या अंगाचा पट्टा रिकामा राहतो. चांगला काठ पुलाच्या वरच्या अंगाला असेल तर अंडीही वरच सोडा.

मोजणीत एक गफलत नेहमी होते. पाण्यातून वर आल्यावर नर काठावर बसून आणखी एकदा कात टाकतो, मादी टाकत नाही. काठावरच्या काती मोजल्या तर फक्त नरांचा आकडा मिळतो. पाण्यावर तरंगणाऱ्या निम्फच्या काती मात्र दोघांच्याही असतात. त्या त्याच संध्याकाळी जाळीने गोळा करा, सकाळपर्यंत वाहून जातात.