जबडा तारांनी बांधलाय, पण डिस्चार्जच्या कागदावर सगळ्या गोळ्याच आहेत. कुटून द्यायच्या का?

सुलभा_इस्लामपूर

माझ्या दाजींचा (वय ५१) खालचा जबडा दोन ठिकाणी मोडला होता. परवा ऑपरेशन झालं. वरचे-खालचे दात तारांनी एकमेकांना बांधलेत आणि सहा आठवडे तसेच ठेवायचेत. आज घरी आणलं. तोंड उघडतच नाही. गाल आणि दात यांच्या मधून, शेवटच्या दाढेमागच्या फटीतून पातळ तेवढं आत जातं. खालच्या ओठाला उजवीकडे बधिरपणा आहे.

कागदावर हे लिहिलंय: अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड ६२५ तीनदा, मेट्रोनिडाझोल ४०० तीनदा, ॲसेक्लोफेनॅक-पॅरासिटामॉल दोनदा, पॅन्टोप्राझोल ४० सकाळी उपाशीपोटी, सुजेसाठी ट्रिप्सिन-कायमोट्रिप्सिन तीनदा. सगळं पाच दिवस. शिवाय त्यांच्या नेहमीच्या गोळ्या: ग्लिमेपिराईड १ + मेटफॉर्मिन ५०० एसआर दोनदा, टेल्मिसार्टन ४०.

मेडिकलवाले म्हणाले, पावडर करून द्या. ताई म्हणते, सगळं एकदम खलबत्त्यात कुटून ग्लासभर दुधातून देऊ. चालेल का? आणि उलटी झाली तर काय करायचं? ती भीती सगळ्यांच्याच मनात आहे.

औषधनिर्माता

सुलभाताई, सगळं एकत्र कुटू नका. तुमच्या यादीतल्या तीन गोळ्या कुटायच्याच नाहीत, आणि बाकीच्यांपैकी दोन-तीन सिरपमध्ये मिळतात. उद्या सकाळी सर्जनना फोन करून नवीन चिठ्ठी मागा. फोनवर काय विचारायचं ते गोळीवार लिहितो.

पॅन्टोप्राझोल: कुटू नका. या गोळीवरचं आवरण पोटातल्या आम्लात टिकतं आणि पुढे आतड्यात विरघळतं. कुटली की औषध पोटातच नासतं, म्हणजे दिली काय न दिली काय सारखंच. त्याऐवजी इसोमेप्राझोलचं पाण्यात कालवायचं सॅशे मिळतं. कॅप्सूल उघडून आतले दाणे द्यायचा सल्ला कुणी दिला तर तो तारा बांधलेल्या माणसासाठी नाही. ते दाणे चावायचे नसतात हे खरं, पण ते तारांत अडकून बसतात आणि औषध द्यायची नळीही तुंबवतात. वेदनेची गोळी बदलली तर ॲसिडिटीच्या औषधाची गरज उरते का, हेही विचारा.

ट्रिप्सिन-कायमोट्रिप्सिन: हिचंही तेच. ही एन्झाइम्स आहेत, आवरण गेलं की पोटातलं आम्ल त्यांना निकामी करतं. ही गोळी थांबवता येईल का, असं सरळ विचारा. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वात जास्त असते आणि नंतर उतरू लागते. उशाला दोन उश्या आणि सर्जन सांगतील तेवढा बर्फाचा शेक, याने पुष्कळ काम होतं.

ग्लिमेपिराईड + मेटफॉर्मिन एसआर: एसआर म्हणजे औषध हळूहळू सुटणारी. कुटली की मेटफॉर्मिन एकदम सुटतं आणि मळमळ, जुलाब होतात. दात बांधलेले असताना मळमळ नकोच. साधी मेटफॉर्मिन ५०० कुटून चालते, ग्लिमेपिराईड १ वेगळी मिळते आणि तीही कुटता येते. पण त्याआधी शुगरच्या डॉक्टरांशी बोला, कारण पातळ आहारावर जेवण निम्म्यावर येतं आणि ग्लिमेपिराईड तेवढ्याच जोराने साखर उतरवत राहते. कधी डोस कमी करतात, कधी काही आठवडे इन्शुलिनवर ठेवतात. तो निर्णय त्यांचा. तुम्ही एवढं पाळा: सूप किंवा पेज तयार होऊन समोर आल्याशिवाय ग्लिमेपिराईड द्यायची नाही.

अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह: ६२५ ची साधी गोळी कुटता येते, पण चव फार कडू. पाण्यात कालवली की लगेच द्यावी लागते, ओलाव्यात क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड टिकत नाही. सिरप सोपं. मात्र इथे हिशेब चुकतो. ६२५ मध्ये ५०० + १२५ असतं. ४५७ च्या ड्राय सिरपमध्ये (पावडरच्या बाटलीत पाणी घालून करतात ते) दर ५ मिलीला ४०० + ५७. म्हणजे १० मिलीत ८०० + ११४, जे ६२५ पेक्षा एक ग्रॅमच्या (८७५ + १२५) गोळीच्या जवळ जातं, आणि ती गोळी दिवसातून दोनदाच असते. गोळी तीनदा होती म्हणून सिरपही तीनदा, असं करू नका. किती मिली आणि किती वेळा, हे सर्जनकडून लिहूनच घ्या. खाण्याच्या सुरुवातीला दिलं की पोटाला कमी लागतं.

मेट्रोनिडाझोल: सस्पेन्शनमध्ये (हलवून घ्यायच्या पातळ औषधात) बहुधा ५ मिलीला २०० मिग्रॅ असतं, म्हणजे ४०० साठी १० मिली. बाटलीवरचा आकडा तरी वाचाच. सस्पेन्शन खाण्याच्या निदान तासभर आधी द्यायचं. तोंडाला धातूची चव येते, ती औषध संपल्यावर जाते. हे चालू असताना आणि संपल्यावरही तीन दिवस दारू पूर्ण बंद. एरवी फक्त त्रास झाला असता, तारा असताना ती उलटी जिवावर बेतू शकते.

ॲसेक्लोफेनॅक-पॅरासिटामॉल: पोटाला झोंबणारी गोळी आहे. बऱ्याच जणांना नुसत्या पॅरासिटामॉल सिरपवर भागतं. ५ मिलीत २५० वालं घ्या, ५०० साठी १० मिली, ६५० साठी १३ मिली. लहान मुलांचं १२५ वालं आणलं तर दुप्पट पाजावं लागेल. दोन डोसमध्ये चार ते सहा तास हवेतच. आयबुप्रोफेन-पॅरासिटामॉलचं एकत्र सिरपही मिळतं. ते चालू असताना वर वेगळं पॅरासिटामॉल दिलं तर नकळत दुहेरी डोस होतो, ही चूक घरोघरी होते. तोंडावाटे काहीच टिकेना तर डायक्लोफेनॅकची सपोझिटरी (गुदद्वारातून द्यायची वेदनेची गोळी) हा मार्ग आहे, पण डॉक्टरांना विचारून.

टेल्मिसार्टन: कुटता येते. हवेतला ओलावा ओढते, म्हणून स्ट्रिपमधून ऐन वेळी काढा, आधी कुटून पुडी करून ठेवू नका. पहिल्या आठवड्यात खाणंपिणं कमी असतं, बीपी उतरू शकतं. रोज मोजा, उठताना चक्कर आली तर कळवा.

आणखी एक. सिरपमध्ये साखर असते. मधुमेह आहे, वर दात घासता येत नाहीत, म्हणून शुगर-फ्री मिळतं का ते विचारा.

दंतशल्यक

वरची यादी बरोबर आहे. मी उलटीबद्दल लिहितो, कारण औषध निवडतानाही तीच डोळ्यापुढे ठेवायची असते.

डिस्चार्जच्या वेळी वायर कटर दिलाय का? नसेल तर आजच मागा, आणि तो माणसाच्या अंगाजवळ हवा. कपाटात ठेवलेला कटर उपयोगाचा नाही. दिवसा खिशात किंवा गळ्यातल्या दोरीला, रात्री उशाशी.

उलटी आली की पहिलं काम तार कापणं नव्हे. बसतं करा, पुढे वाकवा, मान खाली. दोन्ही बाजूंचा गाल बोटाने बाहेर ओढा. पोटात सगळं पातळच आहे, ते दातांच्या फटीतून आणि दाढेमागून बाहेर येतं. पाठीवर कधीही झोपवू नका. नंतर सिरिंजने कोमट पाणी मारून तोंड धुवा. श्वास अडकला, चेहरा निळा पडू लागला, तरच तारा कापायच्या. कापायच्या त्या फक्त उभ्या, म्हणजे वरच्या पट्टीला खालच्या पट्टीशी जोडणाऱ्या, दोन्ही बाजूंच्या. दातांभोवती आडव्या गेलेल्या पट्टीला हात लावायचा नाही. सर्जनना एकदा बोट ठेवून त्या दाखवायला सांगा आणि मोबाईलवर फोटो काढून घरातल्या सगळ्यांना पाठवा. काही जणांना तारेऐवजी रबर लावलेले असतात, तिथे छोटी कात्री पुरते. कापल्यावर लगेच दवाखाना गाठायचा, पुन्हा बांधावं लागतं.

मळमळ सुरू झाली तर थांबून बघू नका. उलटी थांबवणारं ऑन्डॅन्सेट्रॉनचं सिरप (५ मिलीला २ मिग्रॅ) घरात लिहून आणून ठेवा. वेदनेसाठी ट्रॅमाडॉलची गोळी किंवा थेंब कुणी सुचवले तर सांगा की दात बांधलेले आहेत. ते मळमळ आणि गुंगी, दोन्ही आणतात. झोपेच्या गोळ्या आणि गुंगी आणणारी सर्दीची औषधंही स्वतःहून नकोत. आता श्वासाचा मुख्य रस्ता नाक आहे. नाक चोंदलं तर झायलोमेटाझोलिनचे थेंब चालतात, पण पाच दिवसांच्या वर नाही.

बधिर ओठाकडे लक्ष द्या. गरम सूप लागलेलं त्यांना कळणार नाही, औषध ओघळलं तरी कळणार नाही. प्रत्येक गोष्ट आधी तुमच्या मनगटाच्या आतल्या बाजूला टाकून बघा. औषध डाव्या बाजूने द्या.

रात्रपाळी

वॉर्डात जसं देतात तसं सांगते.

१० मिलीची सिरिंज, सुई काढून फेकलेली. १० नंबरची इन्फंट फीडिंग ट्यूब मेडिकलमध्ये मिळते. तिचं रंगीत टोक, जे सिरिंजवर बसतं, ते ठेवायचं आणि तिथून बोटभर, सात-आठ सेंटीमीटर नळी राखून पुढची कापून टाकायची. नुसत्या नळीचा तुकडा सिरिंजवर चढवला तर दाबताना सुटून तोंडात जातो, म्हणून टोकासकट. दर वेळी ओढून घट्ट आहे ना ते बघा.

गोळी दोन स्टीलच्या चमच्यांमध्ये दाबून फोडा, मग घोटून पिठासारखी करा. मसाल्याचा खलबत्ता घेऊ नका, तिखटाचा अंश हिरडीच्या टाक्यांना झोंबतो. १० मिली पाण्यात कालवा, दोन मिनिटं थांबा. वरच्या रंगाचे पापुद्रे वेगळे होतात, ते मागे ठेवून पाणी सिरिंजमध्ये ओढा. तळाशी पांढरा गाळ दिसला तर त्यात औषध आहे. पुन्हा ५ मिली पाणी घालून तेही ओढायचं.

दाजींना ताठ बसवा. गाल बोटाने बाजूला करून नळी दातांच्या बाहेरून मागे सरकवा, शेवटच्या दाढेच्या अलीकडे थांबा. त्याच्या पुढे गेली की उबळ येते. एका वेळी २-३ मिली, गिळू द्या, मगच पुढचं. जोरात दाबलं की ठसका. प्रत्येक औषध वेगळं, मध्ये ५ मिली पाणी, शेवटी २० मिली पाण्याने गाल धुऊन घ्या, नाहीतर साखर आणि पावडर तारांखाली बसते. नंतर अर्धा तास आडवं होऊ द्यायचं नाही.

ग्लासभर दूध का नको, तर अर्ध्या ग्लासावर पोट भरतं आणि अर्धा डोस ग्लासाच्या बुडाशी राहतो. पुढे डॉक्सिसायक्लिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिन लिहिलं गेलं तर दूध आणि त्यांच्यात दोन तासांचं अंतर हवं, कॅल्शियम त्या औषधांना बांधून ठेवतं.

चूळ भरायचं औषध, क्लोरहेक्सिडिन ०.२ टक्के, लिहिलं असेल तर १० मिली, सकाळ-संध्याकाळ एक मिनिट गालात खेळवून थुंकायचं. लगेच पाणी किंवा दूध नको. दात थोडे तपकिरी होतात, ते नंतर साफ करता येतात.

पोट साफ होणार नाही, पातळ आहारात चोथा नसतो. इसबगोल देऊ नका. ते फुगून तारांत आणि घशात अडकतं. सब्जाही नको. डॉक्टरांना विचारून लॅक्टुलोज १५ मिली रात्री.

सुलभा_इस्लामपूर

सर्जनशी बोलणं झालं. सुजेची गोळी बंद. ४५७ चं सिरप १० मिली दोनदा, मेट्रोनिडाझोल सस्पेन्शन १० मिली तीनदा, पॅरासिटामॉल सिरप, इसोमेप्राझोलचं सॅशे. उभ्या तारा पाच आहेत, फोटो काढला, कटर आणला. शुगरच्या डॉक्टरांनी साधी मेटफॉर्मिन दिली आणि ग्लिमेपिराईड फक्त सकाळी. दोन प्रश्न राहिले. सिरपच्या बाटल्या किती आणू? आणि शुगर उतरली तर साखर तोंडात टाकता येणार नाही, मग?

औषधनिर्माता

४५७ ची बाटली ३० मिलीची असेल तर दिवसाला २० मिली म्हणजे पाच दिवसांना १०० मिली. चार बाटल्या आणा, पण एकाच वेळी सगळ्या कालवू नका. उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंत घाला, हलवा, फेस बसला की पुन्हा खुणेपर्यंत घाला. कालवलेली बाटली फ्रिजमध्ये, सात दिवसांच्या आत संपवायची. दर वेळी हलवून, नाहीतर वरचं पातळ आधी जातं आणि तळाशी दाट डोस उरतो. मेट्रोनिडाझोल रोज ३० मिली, पाच दिवसांना १५० मिली, म्हणजे ६० मिलीच्या तीन बाटल्या.

साखरेसाठी: तीन चहाचे चमचे साखर अर्धा कप कोमट पाण्यात विरघळवून झाकणाच्या बाटलीत, शेजारी भरलेली सिरिंज, कायम उशाशी. घाम, थरथर, चिडचिड किंवा मीटरवर ७० च्या खाली आकडा दिसला की त्यांना शुद्ध असतानाच सिरिंजने घोट घोट द्या. १५ मिनिटांनी पुन्हा मोजा, अजून कमी असेल तर पुन्हा द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, थेट १०८. साखरपाणी रोज सकाळी नवं करा.

दंतशल्यक

कटर आणलाय तर आज एकदा जाड तांब्याच्या तारेवर कापून बघा, धार आहे ना. आणि रात्री त्यांच्या खोलीत कोण झोपणार ते ठरवा, पहिले तीन-चार दिवस तरी.