डब्यातले दिवे लुकलुकतात त्याबद्दल
एचओ मापाच्या मॉडेल रेल्वेच्या डब्यातले दिवे लुकलुकतात म्हणालात ना, तर बहुतेक वेळा दोष एलईडीचा नसतो, चाक आणि रुळाचा संपर्क तुटतो म्हणून होतं ते. आधी रूळ नि चाकं आयसोप्रॉपिल अल्कोहोलने पुसा आणि करंट दोन्ही बोगींवरून (म्हणजे डब्याखालच्या दोन्ही टोकांच्या चाकगाड्यांवरून) घ्या, मी पहिल्या डब्यात एकाच बोगीवरून घेतला होता, प्रत्येक सांध्यावर दिवाळी! मग ब्रिज रेक्टिफायर (रुळावरचा करंट एकाच दिशेचा करणारा), पुढे ४७० मायक्रोफॅरड २५ व्होल्टचा कपॅसिटर (उलटा लावलात तर फुटतो हां) आणि १२ व्होल्टची वॉर्म व्हाइट एलईडी पट्टी, ती खुणेवरच कापायची. डीसीसीवर (रुळावर कायम पूर्ण व्होल्टेज ठेवून डिजिटल सिग्नलने गाडी चालवायची पद्धत) थेट जोडली तर डबा लग्नाच्या हॉलसारखा झगमगतो, म्हणून सिरीजमध्ये १ किलोओहमपासून रेझिस्टर वाढवत बघा. साध्या डीसीवर, जिथे रुळावरचं व्होल्टेज कमी-जास्त करून गाडी चालवतात, तिथे मात्र गाडी थांबली की दिवेही जाणारच, कपॅसिटर क्षणभरच तग धरतो.