खोका पोचला, घड्याळ नाही : पोस्टात तक्रार करायची की गप्प बसायचं?

चावीचं_घड्याळ
परवा इथेच एकाने लिहिलं होतं : "पार्सलमधली वस्तू गायब झाली तर पोस्टात तक्रार करण्यात वेळ घालवू नका. विकणाऱ्याने मुकाट पैसे परत करावेत आणि विषय मिटवावा." त्याखाली पंचवीस-तीस जणांनी "अगदी बरोबर" म्हणून टाकलं. वाचल्यापासून डोकं फिरलंय, म्हणून वेगळा धागा काढतोय.

मी चावीची जुनी घड्याळं दुरुस्त करून विकतो. गेल्या महिन्यात पुण्याहून नागपूरला एक एचएमटी जनता स्पीड पोस्टाने पाठवलं. स्टीलचा पट्टा, किंमत 4,200. पावतीवर वजन 236 ग्रॅम. पाचव्या दिवशी घेणाऱ्यांचा फोन, "दादा, खोका फारच हलका लागतोय." म्हटलं, फोडू नका, आधी समोरच्या वाण्याच्या काट्यावर ठेवा. 168 भरले. 68 ग्रॅम कमी, आणि पट्ट्यासकट ते घड्याळ तेवढंच भरतं. त्यांनी फोटो पाठवले. खोक्याच्या तळाला ब्लेडने मारलेली चार बोटं लांब चीर, तिच्यावर खाकी टेप. मी पारदर्शक टेप लावतो. खाकी टेप माझ्या घरात नाही.

पैसे त्याच संध्याकाळी परत केले. त्याबद्दल वाद नाही, घेणाऱ्याचा त्यात काय दोष? पण दुसऱ्या दिवशी तक्रारही केली. 1800 266 6868 वर फोन करून तक्रार क्रमांक घेतला. मग जिथे पार्सल बुक केलं तिथल्या पोस्टमास्तरांच्या नावे लेखी अर्ज, प्रत अधीक्षकांना. सोबत पावतीची झेरॉक्स, काट्याचे फोटो, चिरेचे फोटो. नागपूरच्या गृहस्थांना सांगितलं की खोका, कागद, टेप यातलं काहीही फेकू नका. अर्जात प्रश्न एकच : 236 चे 168 कुठल्या टप्प्यावर झाले?

गप्प बसायला सांगणारे चोराची सोय करताहेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी_परतावा
ती पोस्ट माझी. चोराची सोय वगैरे शब्द जपून वापरा.

मी महिन्याला पन्नास-साठ पार्सलं पाठवतो. स्पीड पोस्टाची भरपाई किती ते तुम्ही लिहिलंच नाही, मी लिहितो : भरलेल्या शुल्काच्या दुप्पट किंवा 1000 रुपये, यातलं जे कमी असेल ते. तुमचं शुल्क ऐंशीच्या आसपास असणार. म्हणजे सगळं मनासारखं झालं तरी हातात 160. त्यासाठी अर्धी रजा, झेरॉक्स, दोन हेलपाटे. दोन वर्षांपूर्वी माझ्या एका पार्सलमधून हेडफोन गेले. तक्रार केली, तीन आठवड्यांनी उत्तर आलं, "वस्तू वितरित झाली आहे, तक्रार बंद." अहो, खोका वितरित झाला होता! त्या दिवसापासून ठरवलं, ग्राहकाला पैसे द्यायचे आणि पुढच्या पार्सलला लागायचं. माझं दुकान आहे, चळवळ नाही.

कोर्टाची_पायरी
कायद्याचं थोडं. 1898 च्या टपाल कायद्यातल्या कलम 6 ने टपाल खात्याला हरवणं, उशीर, नुकसान या सगळ्यातून मोकळं ठेवलं होतं. 2023 चा नवा कायदा 18 जून 2024 पासून लागू झाला, त्यातलं कलम 10 त्याच वाटेचं आहे : नियमात ठरवून दिलेली जबाबदारी सोडून बाकी काही नाही. कर्मचाऱ्याने मुद्दाम किंवा लबाडीने केलं असेल तर तो वैयक्तिक जबाबदार. पण "मुद्दाम" हे सिद्ध कसं करणार? वजनातला फरक आणि चीर यांनीच. म्हणून तक्रार हवी. ग्राहक आयोगात पहिला प्रश्न येतो, "खात्याकडे लेखी कळवलं होतं का?" कागद नसेल तर तिथून पुढे बोलणंच होत नाही.

आणि 4,200 ची वस्तू विमा न उतरवता पाठवली, ही चूक घड्याळवाल्यांची आहे. त्यांना राग आला तरी लिहिते.

निवृत्त_सॉर्टर
छत्तीस वर्षं आरएमएसमध्ये, म्हणजे टपालाच्या रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये काढली, त्यातली अकरा चालत्या गाडीत टपाल निवडत. दोन गोष्टी बोलतो.

पहिली. घड्याळवाले, तुमच्या गिऱ्हाइकाने सही करून खोका घरात घेतला आणि मग वाण्याकडे वजन केलं. त्या वजनाला खात्यात किंमत नाही. हलका लागला ना? सही करण्याआधी ओपन डिलिव्हरी मागायची. पोस्टमास्तरांसमोर वजन, समोर उघडायचं, आत निघालं त्याची यादी, दोघांच्या सह्या. तो कागद तुमच्या पन्नास फोटोंपेक्षा भारी.

दुसरी. चोर, चोर म्हणताय. आमच्या सेक्शनला फाटकं पार्सल आलं तर त्याचं वजन करायचं, एरर बुकात, म्हणजे चुकांच्या वहीत, नोंद करायची, नवं वेष्टन घालून शेरा मारायचा आणि मग पुढे पाठवायचं, अशी रीत होती. रात्री दोनला, दोन माणसांत तीनशे पिशव्या उघडताना ती नोंद राहिली की काय होतं ते मी भोगलंय. एका विमा पार्सलमधला माल गेला. चोर सापडला नाही. ज्यांच्या ज्यांच्या हातून ते गेलं त्या सगळ्यांच्या पगारातून "सहायक निष्काळजीपणा" म्हणून वसुली झाली. माझ्या तीन हप्त्यांत कापले. मुलीच्या बारावीचं वर्ष होतं ते. मी त्या खोक्याकडे नीट पाहिलंसुद्धा नव्हतं. तुमची तक्रार चोरापर्यंत जात नाही, ती माझ्यासारख्यापर्यंत जाते.

चावीचं_घड्याळ
काका, तुमच्यावर अन्याय झाला हे मान्य. पण त्याचा राग माझ्यावर का? नोंद केली असती तर तुम्ही सुटला असता. तीच नोंद मी मागतोय.

निवृत्त_सॉर्टर
"नोंद केली असती तर" हे खुर्चीत बसून लिहायला सोपं आहे. एक रात्र पिशव्या उपसा, मग बोला.

जुनी_पुस्तकं_मिरज
वजनं, टेप, सह्या सगळं ठीक आहे, पण मुळात आमची रजिस्टर्ड बुकपोस्टची, म्हणजे पुस्तकं स्वस्तात पाठवायची सोय गेली त्यावर कोणीच कसं बोलत नाही? 18 डिसेंबर 2024 ला एका फटक्यात बंद. मी जुनी पुस्तकं आणि दिवाळी अंक विकते. त्या दरावर आमचा धंदा उभा होता. दीडशेच्या अंकाला आता पाठवणावळच निम्मी. बुकपोस्टात एकही पुस्तक कधी गहाळ झालं नाही माझं.

आधी_परतावा
ताई, 1 मे 2025 पासून पुस्तकांसाठी ज्ञान पोस्ट सुरू झालंय की. 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये, 5 किलोपर्यंत 100, कर वेगळा. ट्रॅकिंगही आहे.

जुनी_पुस्तकं_मिरज
ते मला खिडकीवरच्या माणसाइतकंच पाठ आहे. अटी वाचल्यात का तुम्ही? ठरावीक काळाने निघणारं प्रकाशन चालत नाही. जाहिराती असलेलं चालत नाही. आता सांगा, दिवाळी अंक म्हणजे काय? वर्षातून एकदा निघतो आणि त्यात चाळीस पानं जाहिराती असतात, त्या नसत्या तर तो निघालाच नसता. शंभर वर्षांहून जुनी परंपरा आणि टपालाच्या लेखी ते ज्ञान नाही! गेल्या दिवाळीनंतर माझ्याकडे 1970 च्या दशकातले साठ अंक आले. मागणारे आहेत, गडचिरोलीपासून बेळगावपर्यंत. एका अंकाचं पोस्टेज ऐकून फोन ठेवतात.

कोर्टाची_पायरी
जुना अंक "नियतकालिक" धरायचा की संग्राह्य पुस्तक, हा वाद घालता येईल खरं तर. लेखी खुलासा मागितलात का?

जुनी_पुस्तकं_मिरज
कोणाला मागू? खिडकीवरची मुलगी म्हणते, "जाहिरात दिसली की मी घेऊ शकत नाही, माझ्यावर येईल." तिचंही चूक नाही. तिने माझ्यासमोर अंक उघडला तर तिसऱ्याच पानावर बँकेची जाहिरात. दोघी एकमेकींकडे बघत राहिलो.

निवृत्त_सॉर्टर
ताई, बुकपोस्ट बंद झालं त्या दिवशी मलाही वाईट वाटलं. दिवाळीनंतर आमच्या गाडीत अंकांच्या पिशव्यांवर बसून डबे खाल्लेत आम्ही. पण तुमचं कधी गहाळ झालं नाही त्याचं कारण पुस्तक कोणी चोरत नाही.

चावीचं_घड्याळ
माझा धागा दिवाळी अंकांवर गेला. चालू द्या. पण काकांचं शेवटचं वाक्य वाचा परत. म्हणजे काय चोरण्यासारखं आहे ते हातांना कळतं. मग चोरी होते हे तरी मान्य करा!

निवृत्त_सॉर्टर
होत नाही असं मी कधी म्हणालो? सगळ्यांना चोर म्हणू नका, एवढंच म्हणालो.

नागपूरचा_घेणारा
ते घड्याळ मागवणारा मीच. इतका वेळ नुसता वाचत होतो. पैसे मिळाले, दादांबद्दल तक्रार नाही. पण एक सांगतो. ते घड्याळ वडिलांसाठी होतं. पहिल्या पगारात त्यांनी जनताच घेतलं होतं, नंतर ते हरवलं. त्यांना आधीच सांगून बसलो होतो. खोका उघडला तेव्हा ते शेजारी बसलेले. आतून फक्त बबल रॅप आणि चावी कशी द्यायची ती दादांच्या हातची चिठ्ठी निघाली. बाबा ती चिठ्ठी वाचत बसले. "पैसे परत, विषय मिटला" म्हणणाऱ्यांनी ते बघायला हवं होतं.

ओपन डिलिव्हरी मला ठाऊक नव्हती. पोस्टमन भर उन्हात उभा होता, मी सही करून टाकली. खोका, टेप, सगळं जपून ठेवलंय.

आधी_परतावा
वाचलं. माझ्या पन्नास पार्सलांच्या हिशोबात हे बसत नाही, कबूल. यापुढे काट्याचा फोटो काढून पाठवीन आणि दोन हजारांवरच्या मालाचा विमा उतरवीन. पण तक्रारीने वस्तू परत येते यावर माझा अजूनही विश्वास नाही.

चावीचं_घड्याळ
येत नाही म्हणूनच तर विमा. तो मी उतरवला नाही, ती चूक माझीच. सहीचंही काकांचं बरोबर. त्यांचा सूर पटला नाही, मुद्दा पटला.

निवृत्त_सॉर्टर
सुराचं राहू दे. तुमच्या अर्जात तारखा आहेत, पण मधल्या सॉर्टिंग ऑफिसांच्या एरर बुकांतल्या उताऱ्याची मागणी नाही. ती लिहा. नोंद असेल तर टप्पा कळेल. नसेल तर ज्या ऑफिसने फाटका खोका नोंद न करता पुढे ढकलला, त्यांना उत्तर द्यावं लागेल. उत्तर नाही आलं तर माहिती अधिकारात टाका, 10 रुपयांची पोस्टल ऑर्डर लागते. मजकूर जमत नसेल तर मला पाठवा, आज रात्री बघून देतो.

जुनी_पुस्तकं_मिरज
काका, माझ्या खुलाशाच्या अर्जाचंही बघाल का? दिवाळीला चारच महिने राहिलेत.