मदत हवी आहे: बास्केटबॉलच्या सामन्यात कोचने बेंचवर मोबाईल किंवा टॅब वापरला तर चालतो का?

नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात शाळेत खेळ शिकवते. आमच्या १७ वर्षांखालच्या मुली जिल्हा जिंकून अमरावतीला विभागीय सामन्यांना चालल्यात, आणि मला भलताच घोर लागलाय.

जिल्ह्याला आमची एक माजी खेळाडू सहायक कोच म्हणून बेंचवर होती, मोबाईलवर शूटिंग करत. समोरच्यांचा झोन (जागा वाटून घेऊन केलेला बचाव) काही केल्या फुटत नव्हता. टाईम-आऊटमध्ये तिने थोडासा व्हिडिओ दाखवला, "बॉल इकडे आला की कोपरा मोकळा पडते, बघा." पोरींना लगेच उमगलं. मी खडूने कितीही गोल काढले असते तरी एवढं समजलं नसतं. पण समोरच्या सरांनी हरकत घेतली आणि पंच म्हणाले, मोबाईल आत ठेवा, नाहीतर टेक्निकल (वागणुकीबद्दलचा फाऊल) देतो. ठेवला. सामना आम्हीच जिंकलो म्हणून विषय मिटला.

नियम नेमका काय आहे? टेक्निकल लागलाच तर तिच्या नावावर की माझ्या? शाळेचा टॅब नेऊ का? पंचगिरी केलेल्यांनी सांगा. "चालते ना मॅडम" म्हणणारे इथंही भरपूर आहेत.

जुना पंच, अकोला:
अभिनंदन मॅडम. आपल्याकडे फिबाचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचे, नियम चालतात. आंतरराष्ट्रीय सामने पाहा, सहायक कोच टॅब घेऊन बसलेले दिसतात. नुसता टॅब हातात असणं हा गुन्हा नाही. "हा फाऊल नव्हताच, हे बघा" म्हणत तो पंचांपुढे नाचवला की मात्र टेक्निकल. समोरच्यांना एक फ्री थ्रो.

आणि बेंचवरच्या कुणालाही टेक्निकल लागला तरी तो 'बी' म्हणून मुख्य कोचच्या, म्हणजे तुमच्याच, नावावर चढतो. तुमच्या स्वतःच्या वागण्याचा 'सी'. दोन 'सी' झाले की बाहेर. 'बी' धरून तीन झाले तरी बाहेर. पोरीला आधीच बजावून ठेवा.

रिप्ले पाहायचा तो पंचांनी, तेही सामन्याआधी मान्य झालेली यंत्रणा असेल तर. हेड कोचचं चॅलेंज, म्हणजे निर्णय तपासायची मागणी, तीही तिथंच. आपल्या शालेय मैदानावर कुठली यंत्रणा, स्कोअरबोर्ड लागला तरी खूप. आकडे हवे असतील तर बॉल डेड (खेळात नसलेला) असताना आणि घड्याळ थांबलेलं असताना तुम्ही किंवा पहिली सहायक स्कोअररच्या टेबलाला विचारू शकता.

पुसदकर, सध्या ओहायो:
इकडे हायस्कूलच्या नियमांत २०१३-१४ च्या हंगामापासून कोचला टॅब-मोबाईलची मुभा आहे, पण पंचांचा निर्णय तपासायला नाही. माझी मुलगी खेळते, तिचे कोच टाईम-आऊटमध्ये सर्रास दाखवतात. अर्थात हा नियम अमरावतीत दाखवून उपयोग नाही!

धागाकर्ती:
दोघांचेही आभार. तिचं नाव स्कोअरशीटवर पहिली सहायक म्हणून घालते. अजून एक विचारते, तिथल्या पंचांनी पुन्हा नको म्हटलं तर? शूटिंग गॅलरीतून करून घेतलं आणि हाफ टाईमला दाखवलं तर?

जुना पंच, अकोला:
बिनधास्त. गॅलरीत आईबाप शूटिंग करतातच, आणि हाफ टाईम नियमाने १५ मिनिटांचा असतो. पण त्याआधी मॅनेजर मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर विचारून घ्या. स्पर्धेचा वेगळा नियम असेल तर तिथंच कळेल, आणि नसेल तर समोरचे सर मध्येच उठणार नाहीत. टॅबची चार्जिंग तेवढी घरूनच करून न्या.