यकृतातील दुर्मीळ ट्यूमर (एचईएचई): प्रत्यारोपण लगेच की थांबून?

सांगलीकर: माझ्या थोरल्या बहिणीच्या (वय ४१) पोटाची सोनोग्राफी पित्ताच्या खड्यांसाठी केली असता यकृताच्या दोन्ही भागांत मिळून नऊ गाठी आढळल्या. बायॉप्सीत ‘एपिथेलिऑइड हिमॅन्जिओएन्डोथेलिओमा’ (यकृतातला म्हणून एचईएचई) असे निदान झाले असून फुप्फुसातही दोन बारीक ठिपके आहेत. एएफपी (यकृताच्या कर्करोगात बहुधा वाढणारे रक्तातील प्रथिन) नॉर्मल आहे, कावीळ नाही, ताई रोज शाळेत शिकवायला जाते. आमचा रक्तगट जुळतो व मी यकृताचा भाग द्यायला तयार आहे. परंतु आजार यकृताबाहेर गेला असता प्रत्यारोपण करीत नाहीत ना?

शारदा_प: तो नियम नेहमीच्या यकृत-कर्करोगाचा आहे. हा ट्यूमर रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून उद्भवतो, बहुधा सावकाश वाढतो आणि गाठी विखुरलेल्या असल्यामुळे कापून काढणे अनेकदा शक्य होत नाही. युरोपीय नोंदवहीतील ५९ प्रत्यारोपित रुग्णांच्या २००७ मधील अभ्यासात पाच वर्षांनंतर ८३ टक्के रुग्ण हयात होते, आणि त्यांतील काहींचा आजार आधीच यकृताबाहेर होता. मात्र बायॉप्सीच्या स्लाइड व ब्लॉक (मेणात जपलेला नमुना) दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टकडे न्याच आणि कॅमटा-१ (या ट्यूमरची ओळख पटवणारे जनुक) तपासणीविषयी विचारा. अँजिओसार्कोमा (रक्तवाहिन्यांचाच, पण आक्रमक कर्करोग) सूक्ष्मदर्शकाखाली फसवू शकतो, आणि त्यात प्रत्यारोपण करीत नाहीत, कारण आजार झपाट्याने परततो.

निशिगंध: माझा आक्षेप घाईला आहे. १४९ रुग्णांच्या २०१७ मधील विश्लेषणात प्रत्यारोपणानंतर आजार परतण्याशी तीन गोष्टी निगडित आढळल्या: मोठ्या रक्तवाहिन्यांत शिरकाव, यकृताच्या मुळाशी असलेल्या लसिकाग्रंथींत प्रसार, आणि प्रत्यारोपणापूर्वी १२० दिवस वा त्याहून कमी प्रतीक्षा. थांबण्याने औषधासारखा गुण येतो असे नव्हे. त्या काळात ट्यूमरचा स्वभाव कळतो. आपल्याकडे दाता घरातलाच असल्याने यकृतासाठी थांबावे लागत नाही आणि ही चाळणी आपोआप गळून पडते. ताईंना त्रास नसेल, तर काही महिन्यांनी स्कॅन पुन्हा करून गाठींची तुलना करता येईल का, हे सर्जनना स्पष्ट विचारा.

एक_दाता: मी वडिलांना उजवा भाग दिला. उरलेले यकृत वाढते हे खरे, पण पहिले पंधरा दिवस कूस बदलतानाही उशी पोटाशी धरावी लागे. भावंडे कायद्याने जवळचे नातेवाईकच ठरतात, तरी नात्याचे पुरावे आधीच गोळा करा.

सांगलीकर: सोमवारी ब्लॉक मागून घेतो. थांबण्याविषयी ताईसमोरच विचारीन. निर्णय तिचा आहे.