यंत्रमागावरच्या साडीला 'इरकल' म्हणायचं का?

धागाकर्ती, कोल्हापूर:
लेकीच्या डोहाळजेवणासाठी महाद्वार रोडवर हिरवी इरकल, म्हणजे कर्नाटकातल्या इलकल गावची साडी, बघायला गेले होते. दुकानदारानं "अस्सल हातमाग" म्हणत साडी उलगडली. पदराच्या लालात अंगाचा हिरवा धागा सरळ दिसत होता, म्हणजे अंग आणि पदर एकाच ताण्यावर, मागावरच्या त्याच उभ्या धाग्यांवर, विणलेले. मी घडी परत केली.

इरकलीचा जीव जोडात असतो. अंगाचा ताणा वेगळा, पदराचा रेशमी ताणा वेगळा. दोन्हींचे फासे एकमेकांत अडकवून मग विणायला घेतात. म्हणून दर साडीला ताणा नव्यानं जोडावा लागतो. आजीच्या लुगड्यावर तो जोड बोटांना लागायचा. जोड नाही, ती इरकल नाही. दुसरं नाव द्या आणि खुशाल विका.

इचलकरंजीकर:
काकू, दुकानदार खोटं बोलला, ते चूकच. पण नावावर अडून बसू नका. आमच्या घरात तीन पिढ्या माग आहेत. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसवला, त्यावर आमचा अख्खा गाव उभा राहिला. माझी आजी भांगलणीला जायची. तिला धडुतं मिळालं ते यंत्रमागाचं. जोडाच्या पदराची साडी तिला कोण घेऊन देणार होतं? बीमवर, म्हणजे मागाच्या रुळावर, शेकडो मीटर ताणा गुंडाळलेला असतो. दर साडीला तो तोडून जोडायचा म्हटलं तर माग उभाच राहणार. बाई काठ बघते, लाल-पांढरा पदर बघते आणि इरकल म्हणते. तिचं चुकलं का?

टाकेवाली, राजारामपुरी:
मी इरकलीवर कसुती, म्हणजे हातानं केलेलं भरतकाम, भरते, म्हणून बोलते. गवंती, मुरगी, नेगी, मेंथी हे चार टाके. कापडाचे धागे मोजत जायचं, गाठ मारायची नाही. गवंतीत सुई गेली त्याच वाटेनं परत येते, म्हणून दोन्ही अंगांनी नक्षी सारखीच दिसते. एका पदराला माझे कित्येक दिवस जातात. गिऱ्हाईक मशीनचं भरतकाम दाखवून म्हणतं, "हीपण कसुतीच की, एवढ्यातच द्या." नाव सैल झालं की आधी माझी मजुरी कापली जाते.

धागाकर्ती:
अगदी हेच. दादा, २०२५ मध्ये प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीनं मिलानच्या शोमध्ये आपल्या चपलेसारखी चप्पल दाखवली, आणि कोल्हापूरचं नाव घेतलं नाही म्हणून आपण रान उठवलं. आपल्या चपलेला २०१९ पासून भौगोलिक मानांकन, म्हणजे त्या भागातल्या मालालाच ते नाव लावायचा हक्क, आहे, तसंच बागलकोट जिल्ह्यातल्या इलकलच्या साडीलाही आहे. चांभाराचा हक्क आपल्याला कळतो, मग इलकलच्या विणकराचा का कळू नये?

इचलकरंजीकर:
चपलेचं बोललात ते लागलं. त्या वेळी मीही भांडलो होतो.

तरी दोन्हींत फरक आहे. प्राडाची चप्पल आपल्या बायकांसाठी नव्हती. आमची साडी ऊसतोडीला जाणारी बाई नेसते, सणाला पेटीतनं काढून पोरीला नेसवते. तिच्या तोंडातलं 'इरकल' मी काढून घेणार नाही. घडीवर ठळक 'यंत्रमाग' छापायला मात्र उद्याच व्यापाऱ्याला सांगतो.

टाकेवाली, राजारामपुरी:
छापा. आणि धागाकर्ती, डोहाळजेवणाला आजीचंच लुगडं नेसवा. जोडापाशी विरलं असेल तर माझ्याकडं आणा. तिथं रफू करताना फासे एकेक मोजून धरावे लागतात, निदान आठवडा द्या.