भाच्याचा घसा कधीच बरा झाला, तरी एकवीस दिवसांनी पेनिसिलिन कशाला?

जांबोटीचा_मामा
नमस्कार मंडळी. जरा समजून घ्यायचं आहे म्हणून लिहितोय, लांबलं तर चालवून घ्या. भाचा दहा वर्षांचा, पाचवीला. जुलैत आमच्याकडं खानापूर भागात पाऊस कसा असतो माहीतच आहे, त्यात त्याला ताप आला, घसा धरला, गिळताना रडायचा, मग चार-पाच दिवसांत उतरलं आणि शाळेला गेला. ऑगस्टात एकाएकी उजवा गुडघा सुजला, दोन दिवसांनी तो उतरला तर डावा घोटा धरला, असा की वर चादर टेकली तरी ओरडायचा. गावात सगळ्यांनी वात म्हणून तेल चोळायला सांगितलं. शेवटी बेळगावला नेला, रक्त काढलं, एको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी केली, आणि डॉक्टर म्हणाले रुमॅटिक फिव्हर आहे, हृदयाची मायट्रल झडप थोडी लीक आहे. गोळ्यांनी सांधे आठवड्यात मोकळे झाले, आता पोरगं पळालंय खेळालंय. पण दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन सांगितलंय, ते पण वर्षानुवर्षं. त्याचे आजोबा म्हणालेत चांगल्या पोराला कशाला टोचालाय. घशातलं इन्फेक्शन गेलं तर हृदयाचं काय बिघडलं ते मला पण कळेना झालंय. आणि जवळच्या दवाखान्यात हे इंजेक्शन द्यायला नाही म्हणालेत, रिअॅक्शन येते म्हणून. मग दर वेळी शाळा बुडवून बेळगाव गाठायचं काय? कुणाच्या घरी असं झालंय?

वॉर्डातली_अक्का
दादा, मी बेळगावात लहान मुलांच्या वॉर्डला स्टाफ नर्स आहे, तुमच्या भाच्यासारखी पोरं दर पावसाळ्यानंतर येतातच. घशात जो जंतू होता त्याचं नाव ग्रुप ए स्ट्रेप्टोकोकस. त्याच्या अंगावर एम प्रोटीन म्हणून एक प्रोटीन असतं आणि त्याची ठेवण आपल्या हृदयाच्या स्नायूतल्या मायोसिनशी बरीच जुळते. शरीर जंतूला मारायला अँटीबॉडी तयार करतं, लढणाऱ्या पेशी तयार करतं, त्या जंतू संपल्यावर पण राहतात आणि मग आपल्याच झडपेला, सांध्यांना शत्रू समजून धरतात. म्हणून घसा बरा झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी हे सगळं सुरू होतं, आणि मधे पोरगं एकदम नॉर्मल असतं त्यामुळं घरात कुणाच्या डोक्यात येत नाही की ह्याचा घशाशी संबंध आहे. जंतू हृदयात जाऊन बसलेला नसतो, हे आजोबांना नक्की सांगा. आपलीच प्रतिकारशक्ती उलटलेली असते, ह्यालाच ऑटोइम्यून म्हणतात. त्यामुळं कुणी इम्युनिटी वाढवायचं चूर्ण सांगितलं तर त्यावर पैसे घालू नका.

आता इंजेक्शन. साध्या पोराला स्ट्रेपचा घसा झाला आणि औषध नाही मिळालं तरी शंभरात जास्तीत जास्त तिघांना रुमॅटिक फिव्हर होतो. पण ज्याला एकदा होऊन गेलाय त्याला परत स्ट्रेप लागला तर जवळजवळ निम्म्या वेळा परत अटॅक येऊ शकतो, आणि प्रत्येक अटॅकला झडप आणखी खराब होते. सांधे सुटतात, झडप सुटत नाही. शाळेत एका बाकावर तिघं, घरात पावसात सगळी पोरं एका खोलीत, स्ट्रेप परत लागणारच, म्हणून तो घशात टिकूच नये यासाठी रक्तात सतत थोडं पेनिसिलिन ठेवायचं. बेंझाथिन पेनिसिलिन स्नायूत हळूहळू विरघळतं, तीन आठवड्यांनी त्याचा जोर कमी होतो, म्हणून २१ दिवस. हृदयाला काहीच नसतं तर निदान ५ वर्षं किंवा १८-२१ वय होईपर्यंत, जे लांब असेल ते. तुमच्याकडं झडपेला लागलंय तर १० वर्षं किंवा त्याहून जास्त धरून चाला, झडप जास्तच खराब असली तर चाळीशीपर्यंत पण चालतं. नक्की किती ते एको बघून डॉक्टरच ठरवतील.

निपाणी_पोरगी
मामा प्लीज बंद करू नका. माझ्या मोठ्या बहिणीला नववीत असंच झालेलं, आई बिड्या वळायची, तरी महिन्याचं इंजेक्शन कधी चुकवलं नाही तिनं. लग्न होऊन बहीण गडहिंग्लज बाजूला गेली आणि सासरी सगळे म्हणाले धडधाकट मुलीला कसलं इंजेक्शन, ते तिथंच थांबलं. मग पहिल्या बाळंतपणात पाचव्या महिन्यापासून तिला धाप लागायला लागली, पायऱ्या चढवेनात, रात्री आडवं पडलं की खोकला, उशा लावून बसूनच झोपायची. सगळे म्हणायचे गरोदर बाईला धाप लागतेच. कोल्हापूरला एको केला तर मायट्रल झडप आक्रसलेली. मांडीच्या शिरेतून फुगा घालून झडप मोकळी केली तेव्हा कुठं तिला श्वास आला. बाळ-बाळंतीण नीट आहेत देवाच्या दयेनं. पण डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की मधल्या वर्षांत घसा कितीदा आला असेल आणि आतल्या आत झडपेला कितीदा लागलं असेल ते आता कळायचं नाही. मुलगी असेल तर हे जास्तच लक्षात ठेवा, सासरी गेली तरी इंजेक्शनचं कार्ड तिच्याबरोबर जायला पाहिजे.

चिकोडी_मास्तर
मी शिक्षक आहे, एक गोष्ट सगळ्या पालकांना सांगावीशी वाटते. माझ्या वर्गात चौथीला एक मुलगी होती, सुंदर अक्षर. दोन-तीन आठवड्यांत अक्षर इतकं बिघडलं की ओळी एकमेकीवर चढायला लागल्या, डब्याचं झाकण हातातून पडायचं, तोंड वेडंवाकडं करते म्हणून पोरं चिडवायची, विनाकारण रडायची. घरी मार बसला तिला. शाळेत आरोग्य तपासणीची टीम आली होती, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची, त्यांना मुद्दाम दाखवली तर त्यांनी सिडनहॅम कोरिया म्हणून पुढं पाठवली. हा पण त्याच स्ट्रेपचा प्रकार, फक्त इथं अँटीबॉडी मेंदूतल्या हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या भागाला धरतात, आणि घसा येऊन कित्येक महिने उलटलेले असू शकतात. मुलगी पूर्ण बरी झाली, तिला पण इंजेक्शन चालू आहे. ५ ते १५ वयाच्या पोराचं अक्षर एकाएकी बिघडलं तर आधी डॉक्टर, मग रागवायचं.

शहापूर_लॅबवाला
सगळं बरोबर आहे, पण उलटी बाजू पण सांगतो कारण रोज बघतो. चाळीस-पन्नाशीच्या बायका गुडघे दुखालेत म्हणून येतात, एएसओ ही स्ट्रेपच्या अँटीबॉडीची रक्तटेस्ट जास्त निघते आणि कुणीतरी त्यावरच पेनिसिलिन सुरू करतं. एएसओ जास्त म्हणजे एवढंच की मधे कधीतरी स्ट्रेप लागून गेलाय, शाळेतल्या पोरांत तर काहीच आजार नसताना पण ती जास्त येते. नुसत्या एएसओवरून रुमॅटिक फिव्हर म्हणता येत नाही, त्याला जोन्स क्रायटेरिया म्हणजे निदानाचे ठरलेले निकष असतात, १९४४ पासून चालत आलेत, २०१५ ला सुधारले आणि त्यात एको धरला गेला. मामांच्या भाच्याचा एको झालाय, सांधे एकामागून एक धरलेत, ते निदान पक्कं वाटतंय. पण मोठ्या माणसाची बोटं सकाळी तासभर आखडत असतील तर आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी ह्या रक्ताच्या टेस्ट करा, तो रुमॅटॉइड आर्थ्रायटिस असू शकतो, तो आजार वेगळा आणि त्याचं औषध पण वेगळं.

वडगाव_ते_पुणे
जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रोड, किरकटवाडी, नांदेड गाव भागात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, ह्यात प्रतिकारशक्ती आपल्याच नसांवर उलटते) पेशंट एकदम वाढले ते आठवतंय ना, मी तेव्हा तिथंच राहत होतो, बेळगावहून घरच्यांचे सारखे फोन. बऱ्याच पेशंटमध्ये कॅम्पिलोबॅक्टर सापडला होता, आणि तिथं पण हेच गणित, आधी जुलाब, मग एक-दोन आठवड्यांनी पायांतून मुंग्या येऊन ताकद वर वर जात कमी होते, कारण त्या जंतूच्या वरच्या आवरणासारखंच काहीतरी आपल्या नसांवर असतं. त्यामुळं पाणी उकळून प्या, चिकन नीट शिजवा, आणि जुलाबानंतर पाय लुळे पडायला लागले तर उद्यावर ढकलू नका, श्वासाचे स्नायू पण धरतात.

जांबोटीचा_मामा
सगळ्यांचे खूप आभार. निपाणीच्या ताईंचं आजोबांना वाचून दाखवलं, ते गप्प बसले आणि मग म्हणाले चालू ठेवा. अक्का, भाच्याच्या धाकट्या भावाला पण घसा आला तर काय करायचं? आणि जवळपास इंजेक्शन मिळायची काही सोय? पोरगं खो-खोला जाऊ दे म्हणून मागं लागलंय, सोडू काय?

वॉर्डातली_अक्का
दादा, धाकट्याला नाक गळतंय, खोकला आहे तर बहुतेक व्हायरल असतं. पण खोकला नाही, ताप आहे, मानेला गाठी लागतात, टॉन्सिलवर पांढरं दिसतंय तर लगेच दाखवा. घसा आल्यापासून नऊ दिवसांच्या आत पेनिसिलिन सुरू झालं तरी रुमॅटिक फिव्हर टाळता येतो, हे अमेरिकेत व्हायोमिंगच्या लष्करी तळावर १९५० च्या सुमारासच सिद्ध झालंय. गोळ्या दिल्या तर दहा दिवस पूर्ण द्यायच्या, तिसऱ्या दिवशी ताप गेला म्हणून सोडायच्या नाहीत.

इंजेक्शनचं असं करा, बेळगावच्या डॉक्टरांकडून चिठ्ठी लिहून घ्या, त्यात डोस, तारीख आणि आधीचे डोस रिअॅक्शन न येता झाल्याचं लिहायला सांगा, आणि ती घेऊन सरकारी दवाखान्यात मेडिकल ऑफिसरना स्वतः भेटा. जीवघेणी रिअॅक्शन खरंच क्वचित येते, पण ती आली तर लगेच टोचायचं अॅड्रेनलिन तयार असलंच पाहिजे आणि टोचल्यावर अर्धा तास तिथंच बसायचं. औषध दुधासारखं दाट असतं, सुई अडकते, म्हणून बाटली नीट हलवून, जाड सुईनं, सावकाश द्यायचं. दुखतं, त्या दिवशी लंगडेल, त्याला घाबरू नका. दात किडू देऊ नका, खराब झडपेवर तोंडातले जंतू बसू शकतात.

खो-खोचं म्हणाल तर अंगातली सूज दाखवणाऱ्या रक्ताच्या टेस्ट, म्हणजे ईएसआर, सीआरपी नॉर्मल येईपर्यंत थांबा. नंतर थोड्या लीकला सहसा खेळायची बंदी नसते, पुढच्या एकोला डॉक्टरांना विचारून सोडा त्याला.